उपाशी जंतू, उपाशी पोट

वरोऱ्याहून चंद्रपूरमार्गे पूर्वेला निघालं की कापूस-सोयाबीनची काळी जमीन हळूहळू मागे पडते. मूल-सावलीकडे धानाच्या बांध्या लागतात, आणि गडचिरोली ओलांडून आलापल्लीच्या पुढे गेलं की दोन्ही अंगांना नुसतं जंगल. या सगळ्या पट्ट्यात जुन्या माणसांना आषाढ-श्रावण नकोसे वाटत. मागच्या हंगामाचं धान्य कणगीच्या तळाला गेलेलं असे. चैत्रात वेचून वाळवलेला मोह संपत आलेला, तेंदूपत्त्याचे पैसे बियाण्यात गेलेले, आणि रोवणीचं काम मात्र कंबर मोडणारं. नेमक्या त्याच दिवसांत हगवण-ओकारीची साथ यायची. पटकी, म्हणजे कॉलरा, असली तर गाव मरीमायला शरण जाई. तिचं ठाणं पुष्कळ गावांत वेशीपाशी असतं, म्हणजे रोगाने आत पाऊल टाकण्याआधीच तिला गाठायचं.

उपासमार आणि पटकी ही जोडी या भागाला नवी नाही. चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचा चांदा जिल्हा, मध्य प्रांतात होता त्या काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. दोन्ही वेळा माणसं भुकेने खंगली आणि रोगांनी मेली, आणि त्या रोगांत पटकी होती. कारण सांगायला सोपं आहे. विहिरी आटलेल्या, उरलेलं पाणी गढूळ, दुष्काळी कामांवर माणसांची दाटी. हे खरंच आहे, पण अर्धंच. एकाच बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी सगळं गाव पितं, तरी सगळं गाव आजारी पडत नाही. ज्याच्या पोटात चार दिवस नीट अन्न नाही, तो आधी पडतो. अशक्त माणूस लवकर आजारी पडतो, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. अशक्त म्हणजे नेमकं काय बिघडलेलं, हे मात्र विचारत नाही.

पाण्यातून आलेल्या जंतूला आतड्यापर्यंत पोचायचं तर आधी जठरातून जावं लागतं, आणि शरीराची खरी वेस तिथे आहे. निरोगी माणसाच्या रिकाम्या जठरात पीएच दीड-दोनच्या आसपास असतो, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं किंवा त्याहून तीव्र आम्ल. दिवसाला साधारण दोन लिटर जठररस तयार होतो. अन्न पडलं की पीएच चार-पाचपर्यंत चढतो आणि तासा-दोन तासांत पुन्हा खाली येतो. पीएच तीनच्या खाली असताना साधे जिवाणू पाव तासात मरतात. अन्न पचवण्यासाठी आम्ल लागतं, असं शाळेत शिकवतात. पण जठर काढून टाकलेली माणसंही अन्न पचवून जगतात. या आम्लाचं मोठं काम पहाऱ्याचं आहे असं मला वाटतं.

या पहाऱ्याची किंमत ज्यांना आधी कळली, त्यांतले एक होते म्युनिचचे माक्स फोन पेटनकोफर. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला होता. नुसत्या जंतूने पटकी होते, हे पेटनकोफरना मान्य नव्हतं. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी पटकीच्या जंतूंचं पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवलं. पिण्याआधी पोटातलं आम्ल मारायला सोडा घेतला. आम्लाने जंतू मेले म्हणून ते वाचले, असं पुढे कोणी म्हणू नये यासाठी. त्यांना थोडी हगवण झाली, त्यापलीकडे काही नाही. त्यांचं मत चुकलं होतं, पण सोडा घेण्यामागची समज अगदी बरोबर होती.

ती समज किती बरोबर होती, हे आकड्यांत कळायला आणखी ऐंशी वर्षं गेली. अमेरिकेत मेरीलँडमध्ये स्वयंसेवकांना पटकीचे जंतू मोजून पाजले गेले. १९७४ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. नुसत्या पाण्यातून दिले तर आजार व्हायला दहा कोटींच्या घरात जंतू लागत. सोड्याचं पाणी आधी दिलं, तर दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत पुरत. म्हणजे आम्ल जागेवर असेल, तर पटकीचे शंभरातले नव्व्याण्णव जंतू, बऱ्याचदा त्याहून जास्त, जठरातच संपतात.

आता रक्ती आव घ्या. शिगेला हा तिचा जंतू. त्याचे शंभर, कधी त्याहून कमी, पोटात गेले तरी काम होतं. पटकीला दहा कोटी लागतात आणि आवेला शंभर, एवढी तफावत का? दोघं एकाच दारातून जातात. फरक त्यांनी दाराशी येण्याआधी काय भोगलं होतं आणि त्यातून काय शिकले, यात आहे. इथून भूक या गोष्टीत शिरते.

जिवाणूची भूक आपल्यासारखी नसते. त्याला जेवणाच्या वेळा नाहीत. जवळपास साखर किंवा अमिनो आम्ल असेल तर खायचं आणि दुभंगायचं. आपल्या आतड्यातला ई. कोलाय चांगल्या प्रयोगशाळेत दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतो. पण प्रयोगशाळेबाहेर तो बहुतेक वेळ उपाशीच असतो. विहिरीच्या पाण्यात, शेणाच्या गोवरीत, घागरीच्या बुडाशी साचलेल्या गाळात खायला जवळजवळ काही नसतं. प्रथिनं बनवण्याच्या यंत्राला हवं ते अमिनो आम्ल मिळालं नाही की तिथेच एक छोटासा रेणू तयार होऊ लागतो. १९६९ मध्ये मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना तो रेणू वेगळे करायच्या पट्टीवर अनपेक्षित जागी उमटलेला दिसला आणि त्यांनी गमतीने त्याचं नाव ‘मॅजिक स्पॉट’ ठेवलं. वाढ थांबवा, जपून खर्च करा, असा त्याचा निरोप असतो. नवी रायबोसोमं बनणं बंद होतं.

त्यापुढचं पाऊल १९९१ मध्ये जर्मनीत रोलान्ड लांगे आणि रेगिने हेंगे-आरोनिस यांनी उलगडलं. जिवाणूच्या पेशीत जनुकं वाचणारं एकच यंत्र असतं, पण कोणती जनुकं वाचायची हे त्याला जोडलं जाणारं एक छोटं प्रथिन ठरवतं. सुखाच्या दिवसांत एक प्रथिन जोडलेलं असतं. उपासमार सुरू झाली की दुसरं, ‘आरपीओ-एस’ नावाचं, त्याची जागा घेऊ लागतं. त्याच्या एका इशाऱ्यावर ई. कोलायच्या जनुकांचा जवळपास दहावा हिस्सा, म्हणजे चारपाचशे जनुकं, कमी-जास्त प्रमाणात जागी होतात. लांबट पेशी आखडून जवळपास गोल होते. बाहेरचं आवरण घट्ट होतं. ‘डीपीएस’ नावाचं प्रथिन भराभर बनून डीएनएला चहूबाजूंनी इतकं घट्ट बिलगतं की आतला डीएनए स्फटिकासारखा रचला जातो. हे प्रथिन १९९२ मध्ये हार्वर्डमधल्या रॉबर्टो कोल्टर यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि त्याच्या नावातच ‘उपाशी पेशीतलं’ असा उल्लेख आहे.

या तयारीची गंमत अशी की ती भुकेपुरती राहत नाही. उपाशी जंतू उष्णतेत जास्त टिकतो, क्षारात जास्त टिकतो, आणि सगळ्यात ठळक म्हणजे आम्लात जास्त टिकतो. भरपेट खाऊन वेगाने वाढणारा ई. कोलाय पीएच अडीचच्या आम्लात टाकला की मिनिटांत मरतो. तोच जंतू रात्रभर उपाशी ठेवून टाकला, तर दोन तासांनीही त्यातले बरेच जिवंत निघतात. शिगेला हा खरं तर ई. कोलायचाच भाऊबंद. आवेचे शंभर जंतू पुरतात त्याचं मोठं कारण हेच.

आम्लात शिरल्यावर हे जंतू काय करतात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आम्ल म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, आणि बाहेर ते इतके दाट असले की आवरणातून आत झिरपतातच. ई. कोलायच्या आतला पीएच एरवी साडेसातच्या आसपास असतो, तो घसरून साडेचारवर येतो. याच वेळी एक विकर कामाला लागतं. आपल्या जेवणातल्या डाळीत, दुधात, मांसात भरपूर असलेलं ग्लुटामेट हे अमिनो आम्ल ते धरतं, त्यातला कार्बन डायऑक्साइडचा तुकडा तोडतं आणि त्या जागी एक हायड्रोजन आयन बसवतं. आयन असा पेशीतून उचलला गेला की आम्ल तेवढं कमी झालं. उरलेला पदार्थ आवरणातल्या एका पंपातून बाहेर टाकला जातो आणि त्याच्या बदल्यात ग्लुटामेटचा नवा रेणू आत येतो. बाहेर जाणारा तो पदार्थ म्हणजे गाबा, आपल्या मेंदूत पेशींना शांत करणारा रेणू. जिवाणूला त्यातलं काही ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो कचरा. हे विकर पीएच चारच्या आसपास सगळ्यात जोमाने चालतं, म्हणजे पेशी मरायच्या बेताला आल्यावर. आवरणाच्या दोन थरांमधल्या मोकळ्या जागेत आणखी एक प्रथिन पहारा देतं. आम्लाने इतर प्रथिनं उलगडून एकमेकांना चिकटू लागली की ते त्यांना धरून ठेवतं, आणि विशेष म्हणजे त्यासाठी त्याला ऊर्जेचा एक कणही लागत नाही. उपाशी जंतूकडे ऊर्जा असणार तरी कुठून!

जे आधीपासून तयार नसतात त्यांनाही थोडी सवय करून घेता येते. जॉन फॉस्टर आणि हॉली हॉल यांनी १९९० मध्ये दाखवलं की विषमज्वराच्या कुळातला साल्मोनेला पीएच ५.८ मध्ये थोडा वेळ ठेवला, तर नंतर ३.३ मध्येही तो मोठ्या संख्येने तगतो. थेट ३.३ मध्ये टाकला तर संपतो. आपल्याकडे ज्वारीची आंबील उन्हाळ्यात घरोघरी होते. आंबवणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत, म्हणून ती सुरक्षित. पण आंबवण अर्धवट राहिलं, पीएच मध्येच अडकला, तर त्यात पडलेल्या एखाद्या साल्मोनेलाला आपण सरावाची जागाच करून दिलेली असते. आंबील चांगली आंबट होऊ द्यावी, हे आजीचं म्हणणं इथे विज्ञानाशी जुळतं.

हे झालं पाहुण्यांचं. जठरात कायमचा मुक्काम ठोकून बसलेला एक जंतूही आहे, आणि त्याने अगदी वेगळा मार्ग काढला आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरेन यांना जठराच्या तुकड्यांवर वाकडेतिकडे जंतू दिसत, पण प्रयोगशाळेत ते उगवत नसत. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बॅरी मार्शल यांच्या काही तबकड्या दोन दिवसांऐवजी पाच दिवस उबवण पेटीत राहिल्या, आणि जंतू उगवले. हेलिकोबॅक्टर पायलोरी सावकाश वाढतो, एवढंच कारण. १९८४ मध्ये मार्शल यांनी या जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं. पेटनकोफरांनी सोडा घेतला होता, यांनी आम्ल कमी करणारी सिमेटिडीनची गोळी घेतली. आठवड्याभरात त्यांच्या जठराला सूज आली. दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यात ते जंतू सापडले. पोटातला अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो, या समजुतीला त्या तुकड्याने तडा दिला. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

स्वतःच्या अंगावर जंतू घेण्याची ही परंपरा वरोऱ्यालाही परकी नाही. इथे वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा, १९४९ मध्ये आनंदवनाच्या उभारणीला लागले, आणि कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. कुष्ठाचा जंतू कुठल्याच कृत्रिम अन्नावर वाढत नाही. म्हणून त्यांनी आपल्या शरीरात तो टोचून घ्यायची तयारी दाखवली, टोचूनही घेतला, आणि तो त्यांच्यात रुजला नाही. पेटनकोफर, मार्शल, आमटे: तिघांच्या धाडसाचं मोल सारखं, निकाल मात्र तीन तऱ्हांचे. कुष्ठाचा जंतू दुभंगायला बारा-चौदा दिवस घेतो आणि बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला सहज थोपवते.

हेलिकोबॅक्टर आणि कुष्ठाचा जंतू यांचा एरवी काही संबंध नाही. तरी एका आकड्यापाशी ते जवळ येतात. हेलिकोबॅक्टरचा पूर्ण जनुकसंच १९९७ मध्ये वाचला गेला, त्यात सुमारे १,६०० जनुकं निघाली. कुष्ठाच्या जंतूचा २००१ मध्ये वाचला गेला. त्यातही चालू अवस्थेतली जनुकं सुमारे १,६००, आणि हजाराहून जास्त मोडून पडलेली, नुसते अवशेष उरलेली. ई. कोलायची ४,३०० च्या आसपास. एकाच घरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याला सगळ्या ऋतूंची तयारी ठेवावी लागत नाही. हेलिकोबॅक्टरकडे आरपीओ-एस मुळी नाहीच. ई. कोलायकडे जनुकं वाचणाऱ्या यंत्राला जोडायची सात वेगवेगळी प्रथिनं आहेत, याच्याकडे तीन. उपासमारीत कोणती पाचशे जनुकं उठवायची, हा प्रश्नच त्याला पडत नाही, कारण त्याची उपासमार ठरावीक जागेतली, ठरावीक प्रकारची.

त्याऐवजी त्याने एकाच गोष्टीवर सगळा जोर लावला आहे. युरिएज हे विकर तो एवढं बनवतो की त्याच्या एकूण प्रथिनांत ते ५ ते १० टक्के भरतं. रक्तातून जठरात थोडा युरिया सतत पाझरत असतो. युरिएज तो फोडून अमोनिया करतं आणि अमोनिया आम्लाला मारतो. यातही एक खबरदारी आहे. युरिया आत घेणारं दार बाहेर आम्ल असेल तेव्हाच उघडतं. आम्ल नसताना ते उघडं राहिलं, तर आपल्याच अमोनियाने जंतू मरेल. शिवाय हा जंतू आम्लाच्या डबक्यात मुक्कामाला राहतच नाही. जठराच्या भिंतीवर श्लेष्माचा जाड थर असतो. त्याच्या वरच्या बाजूला पीएच दोन असला तरी भिंतीपाशी तो सातच्या जवळ असतो. अमोनियामुळे भोवतालचा घट्ट श्लेष्मा पातळ होतो आणि शेपटासारखे कशाभ फिरवत जंतू आत घुसतो. आम्लात त्याला काही मिनिटंच काढायची असतात. श्वासातून हेलिकोबॅक्टर ओळखायची जी तपासणी आज नागपूर-चंद्रपुरात डॉक्टर सांगतात, ती याच विकराच्या जोरावर चालते: खूण केलेला युरिया प्यायला द्यायचा आणि श्वासात खूण केलेला कार्बन येतो का ते पाहायचं. अन्न संपलं, जागा प्रतिकूल झाली, की हा मळसूत्रासारखा जंतू गोल गोळी होऊन बसतो. त्या गोळ्या प्रयोगशाळेत उगवत नाहीत.

आता हा मुक्कामी जंतू आणि बाहेरचे पाहुणे यांची गाठ कशी पडते ते पाहा. भारतात बहुतेकांना हेलिकोबॅक्टर लहानपणीच मिळतो. पहिल्यांदा शिरतो तेव्हा जठराला सूज येते आणि आम्ल घटतं, कधी काही आठवडे, कधी काही महिने. हे अपघातानेच कळलं. टेक्सासमध्ये डॅलसला जठररसाच्या अभ्यासासाठी आलेल्या निरोगी स्वयंसेवकांपैकी बऱ्याच जणांचं आम्ल एकाएकी गायब झालं. १९७९ मध्ये त्याची नोंद छापली, तेव्हा कारण कोणालाच माहीत नव्हतं. नळीतून एकाचा जंतू दुसऱ्याला गेला होता, हे हेलिकोबॅक्टर सापडल्यावर उमगलं. म्हणजे हा जंतू दोनअडीच वर्षांच्या पोरात शिरला की पाहुण्यांसाठी वेस काही आठवडे तरी उघडी पडते.

तीच वेस भूकही उघडते. बांगलादेशात १९८० च्या दशकात कुपोषित मुलांच्या जठररसाचा अभ्यास झाला. त्यांच्या पोटात आम्ल कमी होतं आणि जठरात, जिथे जवळजवळ जंतू नसावेत तिथे, आतड्यातले जंतू ठाण मांडून होते. जठराच्या भिंतीतल्या आम्ल बनवणाऱ्या पेशी सतत झिजतात आणि नव्याने घडाव्या लागतात. त्याला प्रथिनं हवीत, आणि आम्लाचा पंप चालवायला ऊर्जा खूप लागते. खायलाच नसलं की शरीर आधी ज्यावर कात्री लावतं, त्यात हे येतं. १९७० मध्ये जेरुसलेमला पटकीची साथ आली, तेव्हा अल्सरसाठी जठराचा भाग कापून काढलेली माणसं रुग्णांत भलत्याच मोठ्या प्रमाणात निघाली. त्यांचं आम्ल शस्त्रक्रियेने गेलं होतं, आषाढातल्या मजुराचं उपासमारीने जातं.

दोन उपासमारी अशा एकमेकींना भेटतात. बोडीतल्या जंतूला अन्न नाही, म्हणून तो आम्लाला तयार होऊन बसतो. माणसाला अन्न नाही, म्हणून त्याचं आम्ल ओसरतं. एकाचा पहारा ढिला आणि दुसऱ्याची तयारी पूर्ण, तीही एकाच महिन्यात. त्यात रिकाम्या पोटी प्यायलेलं पाणी जठरात थांबत नाही. दहा-वीस मिनिटांत निम्मं पुढे जातं. जेवणासोबतच्या पाण्यापेक्षा जंतूला आम्ल भोगायला वेळही कमी मिळतो. माणसं अशक्तपणाने पडतात, असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा तो अशक्तपणा पुष्कळदा स्नायूंत नसतो, जठराच्या भिंतीत असतो.

पटकीचा जंतू मात्र अजून आम्लाला भितोच. त्याने दुसरी युक्ती केली आहे. तळ्यातल्या, खाडीतल्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे जीव असतात. त्यांचं कवच कायटिनचं. पटकीचा जंतू त्या कवचाला चिकटतो. त्याला अन्नही मिळतं आणि कवचाला चिकटलेला असताना आम्लात तो जास्त टिकतो. एका कोपेपॉडवर हजारो जंतू बसू शकतात, म्हणजे एक घोट पाण्यातून ते जथ्याने आत जातात. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ज्ञानावर बांगलादेशातल्या गावांत एक साधा प्रयोग केला आणि २००३ मध्ये छापला. जुनी, धुऊन धुऊन विणीला घट्ट झालेली सुती साडी घडी घालून कळशीच्या तोंडावर बांधायची आणि त्यातून पाणी गाळायचं. नवी साडी तितकी चालत नाही, तिची वीण सैल असते. जंतू त्यातून गाळले जात नाहीत, पण कोपेपॉड अडकतात. पटकीचे रोगी जवळपास निम्म्याने घटले. आपल्याकडच्या बायका लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळत आल्या. त्या पाण्यातला गाळ काढत होत्या, आणि त्या गाळासोबत जंतूंची चिलखतंही काढत होत्या.

पाऊस धो धो लागला आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या दिवसांत हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातल्या दवाखान्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे काम सुरू केलं, तेव्हा जवळपास रस्ता नव्हता, वीज तर पुढची सतरा वर्षं नव्हती. पटकीच्या रुग्णाजवळच्या माणसांना आणखी एक धोका असतो, ज्याबद्दल २००२ मध्ये अँड्र्यू कॅमिली यांच्या गटाने लिहिलं. पटकीच्या रुग्णाच्या पोटातून नुकतेच बाहेर पडलेले जंतू पुढचे काही तास कितीतरी पट अधिक संसर्गी असतात. तळ्यात राहून उपाशी पडले की हा जोर ओसरतो. एका घरातून शेजारच्या घरात आजार इतक्या झपाट्याने का जातो, याचं उत्तर बऱ्याच अंशी यात आहे, आणि रोग्याचे कपडे त्याच ओढ्यात धुवू नका, हे बजावण्यामागेही.

वरोऱ्याच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात जा. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची पॅन्टोप्राझोलची पाकिटं काउंटरवरच रचलेली असतात. अॅसिडिटी झाली, घे गोळी. लग्नाचं जेवण जड झालं, घे गोळी. डॉक्टरने पंधरा दिवस सांगितली, पुढे दोन वर्षं आपली आपणच चालू. या गोळ्या आम्लाचा पंपच बंद करतात आणि अल्सरच्या रुग्णाला त्या वरदान आहेत, यात शंका नाही. पण त्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरची हगवण जास्त आढळते, हे अनेक देशांत दिसलं आहे. भामरागडच्या पोराचं आम्ल उपासाने जातं, तर आपलं आपण विकत घेऊन घालवतो. जंतूला त्यातला फरक कळत नाही.

भुकेच्या या यंत्रणेचा एक उपयोग आपणही करून घेतला आहे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सांभाळलेल्या जंतूंत कधी कधी आरपीओ-एसचं जनुकच बिघडून जातं. कोल्टर यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये दाखवलं की फार दिवस उपाशी ठेवलेल्या ई. कोलायमध्ये असेच बिघडलेले जंतू पुढे सरसावतात: तयारीवर खर्च करणं त्यांनी सोडलेलं असतं, मेलेल्या भाईबंदांना खाऊन ते वाढतात. वाढ जमते, आम्ल सोसणं जात राहतं. विषमज्वराच्या जंतूचा ‘टीवाय-टू’ हा जुना वाण असाच निघाला. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या दशकात त्याच्यात आणखी बदल करून ‘टीवाय-ट्वेंटीवन-ए’ ही तोंडाने घ्यायची जिवंत लस बनवली गेली. १९९५ मध्ये कळलं की तिच्यातही आरपीओ-एस मोडलेलं आहे, म्हणून उपासमार आणि आम्ल दोन्ही तिला सोसत नाहीत. लसीतला जंतू माणसाच्या शरीरात फार काळ टिकत नाही, याला याचाही हातभार लागतो. पण अडचण उरतेच: जठर ओलांडून आतड्यापर्यंत जिवंत पोचायचं कसं? इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या शाळकरी मुलांना ही लस दिली, तेव्हा आधी सोड्याच्या गोळ्या चघळायला दिल्या होत्या, म्हणजे पेटनकोफरांचीच युक्ती. नंतर तिला आम्लात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये भरलं. ती दिवसाआड, जेवणाच्या तासभर आधी, गार किंवा कोमट पाण्यासोबत गिळायची असे, आणि चावायची मात्र अजिबात नसे.